समुपदेशनात नव्याने येताय? आधी सुपरव्हिजनचं विचारा

विदर्भातल्या एका जिल्हा रुग्णालयात मानसोपचार समाजकार्यकर्ती म्हणून रुजू झाले, तेव्हा वाटायचं की या कामात माणूस थकला की त्याला सारखं रडू येत असेल. माझं उलटं झालं. येणारं रडू आटलं.

तिसऱ्या वर्षातली गोष्ट आहे, ओळख पटेल असे तपशील बदलून सांगते. नवऱ्याने फवारणीचं औषध पिऊन जीव दिलेला, अशी एक बाई समोर बसली होती. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. मी केसपेपरवर तारीख टाकली आणि मनात बाहेरची रांग मोजू लागले. ती मधेच थांबली. "ताई, ऐकून राहिल्या ना जी?" मी "हो" म्हटलं. खरं तर तिचं शेवटचं वाक्य मला आठवत नव्हतं.

त्या दिवसांत आईचा फोन आला तरी उचलावासा वाटायचा नाही. एसटीत खिडकीतून फवारणीचा वास आला की छातीत धस्स व्हायचं. आठ दिवस रजा काढली, झोप पुरी झाली, पण वासाचं काही गेलं नाही.

तेव्हा कळलं की मला एकाच वेळी दोन गोष्टी झाल्या होत्या. बर्नआउट कामाच्या ओझ्यातून येतो: रांग, रजिस्टर, अपुरी माणसं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-11 या आजारांच्या वर्गीकरणात तो आजार म्हणून नाही, कामाशी निगडित स्थिती म्हणून नोंदलेला आहे. करुणेचा थकवा निराळा. दुसऱ्याचं दुःख ऐकता ऐकता ते आपल्या अंगात उतरतं. ओझं कमी झालं, रजा मिळाली की पहिल्याला उतार पडू शकतो. दुसऱ्यासाठी मात्र ते कुणापाशी तरी बोलावंच लागतं.

मला एका ज्येष्ठ मॅडमनी सावरलं. दर आठवड्याला त्यांचा एकच प्रश्न असायचा, "या आठवड्यात कुणाला घरी घेऊन गेलीस?" तासभर मी बोलायचे. यालाच सुपरव्हिजन म्हणतात, आणि अभ्यासक्रमात ती सक्तीची असते म्हणून आपण करतो. नोकरी लागली की कुणी विचारत नाही. हे मला फार चुकीचं वाटतं. मुलाखतीत पगाराच्या आधी विचारा: इथे सुपरव्हिजन कोण देतं, किती दिवसांनी?

हे दोन्ही थकवे मोजणारी प्रोक्यूओएल नावाची 30 प्रश्नांची चाचणी मोफत मिळते. ती मागच्या 30 दिवसांबद्दल विचारते, आणि कामातलं समाधानही मोजते. मी दर तीन महिन्यांनी भरते. आत्महत्येच्या दोन केसेस लागोपाठ घेत नाही. मधे दहा मिनिटं अंगणात जाऊन येते.

सुपरव्हिजन मिळतच नसेल तर चार सहकारी जमवा. आमचा गट दर दुसऱ्या शनिवारी फोनवर भेटतो. रुग्णाचं नाव-गाव कुणी घेत नाही. बोलायचं ते फक्त आपलं काय झालं याबद्दल.