जुन्या चेलोची ओळख कशी करून घ्यावी

संग्रहालयात जुना चेलो, म्हणजे व्हायोलिनच्या कुळातले मोठे, खर्जातले वाद्य, समोर आला, तर फलकावरील वर्षाआधी त्याच्या पाठीची लांबी पाहावी, कारण या वाद्याचा बराचसा इतिहास त्या लांबीतच दडलेला आहे. सोळाव्या शतकात, इटलीतील क्रेमोना येथील वाद्यकारागीर आंद्रेआ आमाती यांच्या काळी, आतड्याच्या नुसत्या तातीतून खालचे स्वर काढायचे तर ती लांब असावी लागे, आणि म्हणून वाद्यही मोठे असे. १६६० च्या सुमारास इटलीतल्याच बोलोन्या शहरात तातीवर धातूची तार गुंडाळण्याची युक्ती रुजली, तेव्हा आखूड तातीतूनही भरदार खर्ज निघू लागला. पुढे १७०७ च्या सुमारास क्रेमोनाचेच कारागीर स्त्रादिवारी यांनी सुमारे ७५ सेंटिमीटरांचा जो साचा वापरला, तोच आजही बहुतेक कारागीर प्रमाण मानतात.

त्यानंतर पाठीवर कापल्याच्या खुणा शोधाव्यात, कारण अनेक मोठे चेलो मागाहून लहान करण्यात आले. अमेरिकेतील व्हर्मिलियन येथे असलेल्या आमातींच्या ‘किंग’ चेलोवर रंगवलेल्या स्त्रीची तर या काटछाटीत कंबरच गेली आहे! हा चेलो मुळात तीन तारांचा होता.

तळाची टेकणकाठी दिसली म्हणून मात्र वाद्य अलीकडचे ठरवू नये. पूर्वी वादक चेलो पोटऱ्यांमध्ये धरत. एकोणिसाव्या शतकात बेल्जियन वादक सर्व्हे यांच्यामुळे काठीचा प्रसार झाला, आणि जुन्या वाद्यांनाही ती नंतर बसवली गेली.