वायरलेस पॉवरचा प्रोजेक्ट घेताय? आधी कपॅसिटर तापतोय का बघा

तारेशिवाय एका कॉइलमधून समोरच्या कॉइलला वीज पोचवायची, त्यातलं इंडक्शन, रेझोनन्स (कॉइल-कपॅसिटरची जोडी ज्या ठराविक फ्रिक्वेन्सीला सगळ्यात जोरात चालते ते) वगैरे तुम्हाला येतंच, त्यामुळे ते सोडून देते. आमचा ग्रुप जिथे तीन आठवडे रडला तेवढंच सांगते.

24 मायक्रोहेन्रीची कॉइल, 100 नॅनोफॅरडचा कपॅसिटर, रेझोनन्स साधारण 103 किलोहर्ट्झ, कागदावर सगळं चोख. सर्किट चालू केलं की समोरच्या कॉइलवरचा एलईडी झगझगीत, आणि दोन मिनिटांत मलूल. बंद करून चहा पिऊन आलो की परत झगझगीत! आम्ही कॉइलच्याच मागे लागलो, तीनदा गुंडाळली, बारीक इन्सुलेटेड तारांचा पीळ असलेली लिट्झ वायर आणली (ती आणाच, या फ्रिक्वेन्सीला करंट तांब्याच्या वरच्या जेमतेम 0.2 मिलिमीटरमध्येच राहतो), आणि गाईड सर म्हणे अलाइनमेंट बघा. सरांना रिपोर्टचं बायंडिंग जास्त प्रिय, असो.

घोळ होता स्वस्तातल्या, 104 (म्हणजे 100 नॅनोफॅरड) छापलेल्या डिस्क सिरॅमिक कपॅसिटरचा. रेझोनन्सला कॉइलमधला सगळा करंट त्याच्यातूनच जातो ना, 2 अँपिअर धरा, त्याचा रिअॅक्टन्स (एसीला होणारा अडथळा) साडेपंधरा ओहम, म्हणजे सप्लाय 12 व्होल्टचा असला तरी त्याच्या दोन पायांमध्ये 31 व्होल्ट. आणि लॉस अडीच टक्के जरी धरला तरी टिकलीएवढ्या चकतीत दीड वॅट उष्णता! तो तापला की कपॅसिटन्स घसरते, रेझोनन्स वर सरकतो, ड्रायव्हर (कॉइलला करंट देणारं सर्किट) मात्र 103 लाच अडून बसलेला, म्हणून एलईडी मलूल. गार झाला की परत शहाण्यासारखा वागतो, म्हणून तर कुणाला संशय येत नाही.

कपॅसिटर पॉलीप्रॉपिलीनचाच (एक प्लास्टिक फिल्म) घ्या. दुकानदार 'बॉक्स टाइप' म्हणून पॉलिस्टर हातात ठेवेल, तोही तापतो, म्हणून नीट विचारून घ्या. एक मोठा लावण्यापेक्षा लहान चार-पाच पॅरलल लावा. पाच मिनिटं चालवून, सप्लाय बंद करून बोट लावून बघा. साध्या मल्टिमीटरच्या एसी रीडिंगवर तर अजिबात जाऊ नका, ऑसिलोस्कोप मिळवा, भांडून मिळवा.

रेडीमेड मॉड्यूल आणून डब्यात बसवणाऱ्यांचं मला काही पटत नाही, वायव्हाच्या दुसऱ्या प्रश्नाला गाडी अडते.

आणि अंतर कमी आलं म्हणून खचू नका हो. अमेरिकेतल्या एमआयटीवाल्यांनी 2007 मध्ये 2 मीटरवरून 60 वॅटचा दिवा पेटवला तेव्हाही एफिशियन्सी 40 टक्क्यांच्या आसपासच होती. आमचा एलईडी शेवटी 4 सेंटिमीटरवर अर्धा तास तसाच पेटून राहिला, कपॅसिटर गार. एक्स्टर्नल परीक्षकांनी विचारलं काय, तर रिपोर्टमधले फोटो रंगीत का नाहीत.