तिवरांच्या चिखलात मुळं आणि बिळं कशी मोजायची

नवी मुंबईतल्या ऐरोलीच्या खाडीकडे तिवरं, म्हणजे खारफुटीची झाडं, बघायला जाणार असाल तर आधी वनविभागाची परवानगी घ्या आणि भरती-ओहोटीचं टाइमटेबल बघा, ओहोटीच्या तासभर आधी पोचलेलं बरं. प्लंबिंगच्या दुकानातून पीव्हीसी पाइप नि चार एल्बो आणून 1 मीटर बाय 1 मीटरची चौकट बनवा. ती चिखलावर ठेवा, आत पाय अजिबात टाकू नका, बिळं बुजतात. मग पेन्सिलीसारखी वर आलेली श्वसनमुळं मोजा, चिखलात ऑक्सिजन जवळपास नसतो म्हणून तिवर याच मुळांतून हवा घेतं, किती सुंदर सोय आहे ही! खेकड्यांची बिळं वेगळी मोजा, त्यातून हवा-पाणी खाली जातं. रिफ्रॅक्टोमीटरवर (पाण्याचा खारटपणा दाखवणारं हातात धरायचं उपकरण) पाण्याचा एक थेंब टाकून खारटपणा लिहा, समुद्राचा साधारण हजारी 35 असतो, म्हणजे हजार भाग पाण्यात 35 भाग क्षार.