लसूणघास घालताय? या चुका टाळा

“रान तेच, बियाणं तेच, मग गाय आजच कशी फुगली?” शिरूर-दौंडकडच्या गोठ्यांत हा प्रश्न मी अनेकदा ऐकलाय. मी उलट विचारतो, लसूणघास, म्हणजे ल्युसर्नचा हिरवा चारा, कापला कधी?

आमचंच सांगतो. कडबा संपला होता म्हणून 18 दिवसांचा कोवळा, दवानं ओला घास सकाळी उपाशी गायीपुढं टाकला. तासाभरात डावी भकाळ, म्हणजे बरगड्यांमागचा खळगा, ढोलासारखी टणक! कोवळ्या पाल्यात पाण्यात विरघळणारी प्रथिनं भरपूर असतात, जोडीला रिठ्याला फेस आणतं तेच सॅपोनिन. पोटात फेस धरतो, वायू त्यात अडकतो, ढेकर निघत नाही. प्रथिनं बांधून फेस रोखणारं टॅनिन घासाच्या पानात जवळपास नसतंच.

त्यामुळं पहिली कापणी 50-55 दिवसांनी, पुढच्या 25-30 दिवसांनी. दिवस मोजायचा कंटाळा असेल तर दहातल्या एका झाडावर जांभळं फूल दिसेपर्यंत थांबा. फार थांबलात तर काड्या होतात, तेही नको. कापलेला घास चार-पाच तास पसरून कोमेजू द्या, आणि आधी कडबा कुट्टी, मग घास. एवढं करूनही फुगलीच, तर डॉक्टरला फोन आधी. ते येईपर्यंत पाव लिटर गोडेतेल सावकाश पाजा. पाजताना जीभ ओढू नका, मान फार वर करू नका. तेल फुफ्फुसात गेलं तर दुसरंच दुखणं.

दुसरी चूक लवकर दिसत नाही. ठिपके पडलेला, मावा लागलेला घास “जनावरालाच तर घालायचाय” म्हणून चालवतात. अशा पानात कुमेस्ट्रॉल कित्येक पटींनी वाढतं. ते मादीच्या संप्रेरकासारखं वागतं. माजाचं चक्र बिघडतं, गाय उलटत राहते, म्हणजे भरवूनही गाभण राहत नाही, आणि बोल मात्र कृत्रिम रेतनाला लागतो. ठिपके दिसताच प्लॉट कापून मोकळा करा. गाभण करायच्या गायींना तो घास नकोच.

बांधावरच्या सुबाभळीचं वेगळं. तिच्या पाल्यात मिमोसिन नावाचं विष असतं, सर्वांत जास्त कोवळ्या शेंड्यात आणि बियांत. वैरणीच्या तिसऱ्या हिश्शापुढं जाऊ नका, नाहीतर केस गळतात, गळ्याशी गाठ येते. हवाईतल्या शेळ्यांच्या पोटात हे विष पचवणारे जिवाणू सापडले. 1980च्या दशकात ऑस्ट्रेलियानं ते नेऊन तिथल्या गुरांना दिले. घोड्याला आणि सशाला मात्र सुबाभूळ दाखवूही नका.