इस्लामी राजकीय चळवळींचे अहिंसक मार्ग कसे अभ्यासावेत

एखादी इस्लामी राजकीय चळवळ शांततावादी आहे की हिंसक, असे विचारले की उत्तर बहुधा विचारणाऱ्याच्या राजकारणावरून ठरते. अभ्यासकाने हा प्रश्न या स्वरूपात हाती घेऊच नये. कोणत्या चळवळीने, कोणत्या वर्षी, कोणाविरुद्ध, कोणते साधन वापरले आणि ते साधन कशाच्या बळावर चालले, असा प्रश्न घ्यावा. अशा प्रश्नाचे उत्तर कागदपत्रांत शोधता येते आणि चुकले तर दुरुस्तही करता येते.

सुरुवात चळवळ आणि कालखंड नक्की करण्यापासून करावी. इस्लामी राजकीय चळवळ म्हणजे मुसलमानांचे कोणतेही राजकारण नव्हे. आपली राजकीय मागणी किंवा कार्यपद्धती जी चळवळ स्वतःहून धर्माच्या आधारे मांडते, तीच येथे अभिप्रेत आहे. नाव एक राहिले तरी संघटना एकच राहते असेही नाही. हसन अल-बन्ना यांनी 1928 साली इजिप्तमधील इस्माइलिया येथे स्थापन केलेली मुस्लिम ब्रदरहूड आरंभी धर्मप्रबोधनाची आणि सेवाकार्याची संघटना होती. 1940च्या दशकात तिच्या पोटात सशस्त्र गुप्त विभाग वाढला आणि डिसेंबर 1948मध्ये तिच्या एका सदस्याने पंतप्रधान नुक्राशी यांची हत्या केली. 1984 साली तीच संघटना वफ्द पक्षाशी हातमिळवणी करून संसदेच्या निवडणुकीत उतरली. या तिन्ही वेळच्या ब्रदरहूडला एकच विशेषण लावणारा निबंध पहिल्याच पानावर फसतो.

त्यानंतर साध्य आणि साधन यांच्या दोन वेगळ्या वह्या कराव्यात. ही सूचना साधी वाटते, पण बहुतेक गोंधळ येथेच होतो. 1953 साली जेरुसलेममध्ये स्थापन झालेल्या हिज्ब उत-तहरीरचे उदाहरण घ्यावे. खिलाफतीच्या स्थापनेसाठी पक्षाने स्वतः शस्त्र उचलायचे नाही, वैचारिक प्रचार करायचा, अशी तिची भूमिका आहे. मात्र सत्तांतराच्या टप्प्यावर ‘नुसरा’, म्हणजे ज्यांच्या हाती बळ आहे अशांचे साहाय्य, ती गृहीत धरते आणि व्यवहारात त्याचा अर्थ लष्करातील अधिकारी असा होतो. अशा पक्षाला अहिंसक म्हणावे का? माझ्या मते, ‘स्वतः शस्त्र न उचलणारा, पण इतरांच्या शस्त्रावर विसंबणारा’ असे लांबलचक वर्णन करावे आणि एका शब्दात बसवण्याचा मोह टाळावा. मार्ग अहिंसक असला म्हणजे ध्येय लोकशाहीचे असतेच असे नाही, आणि निवडून आलेले सरकार बळ वापरत नाही असेही नाही.

साधनांच्या वहीत पुढची नोंद कारणाची करावी. शस्त्र न उचलण्याची कारणे साधारण तीन प्रकारची आढळतात: श्रद्धा म्हणून, धोरण म्हणून आणि दुसरा पर्यायच नाही म्हणून. ही कारणे जाहीरनाम्यावरून ओळखू येत नाहीत, कारण तिन्ही प्रकारच्या संघटनांचे जाहीरनामे सारखेच सौम्य असतात. ती ओळखू येतात गोळीबाराच्या दिवशी आणि त्यानंतरच्या महिन्यांत.

या कसोटीसाठी खुदाई खिदमतगारांइतके चांगले उदाहरण क्वचितच मिळेल, म्हणून नवख्या अभ्यासकाने तेथूनच आरंभ करावा. खान अब्दुल गफार खान यांनी 1921 साली पठाणांच्या सुधारणेसाठी अंजुमन स्थापन केली, आझाद शाळा काढल्या आणि 1929 साली सरहद्द प्रांतात खुदाई खिदमतगार ही संघटना उभी केली. तिचा गाभा शपथेत होता. ईश्वराच्या नावाने शपथ घेणारा माणूस हिंसा करणार नाही, सूड घेणार नाही, छळ करणाऱ्याला क्षमा करील आणि दिवसातून किमान दोन तास समाजकार्याला देईल, असे त्यात होते. पठाणांच्या पख्तुनवली या परंपरागत संहितेत ‘बदल’, म्हणजे सूड, हे कर्तव्य मानले जाते. तेव्हा या शपथेने इंग्रजांच्या आधी घराघरांतल्या वैराला हात घातला, हे लक्षात घेतल्याशिवाय तिचे वजन कळत नाही. संघटनेची रचना लष्करी होती: विटकरी रंगाचे कपडे, कवायत, हुद्दे, शिस्त, नव्हती फक्त बंदूक.

23 एप्रिल 1930 रोजी पेशावरच्या किस्सा ख्वानी बाजारात नि:शस्त्र जमावावर गोळीबार झाला. गढवाल रायफल्सच्या जवानांनी चंद्रसिंह गढवाली यांच्या नेतृत्वाखाली गोळ्या झाडण्यास नकार दिला. मृतांचा सरकारी आकडा आणि चळवळीचा आकडा यांत फार मोठी तफावत आहे. अभ्यासकाने दोन्ही आकडे त्यांच्या मालकांच्या नावासह द्यावेत, सरासरी काढू नये. त्यानंतर दडपशाही वाढत गेली, तरी संघटना फुटली नाही, उलट सदस्यसंख्या फुगली. दुसरी परीक्षा अधिक कठीण होती. 12 ऑगस्ट 1948 रोजी चारसद्द्याजवळ बाबडा येथे खुदाई खिदमतगारांवर पुन्हा गोळीबार झाला, आणि या वेळी समोर परकी सत्ता नसून नव्या पाकिस्तानचे सरकार होते. तरीही संघटनेने शस्त्र उचलले नाही. शत्रू बदलला तरी पद्धत टिकली, म्हणून तिला श्रद्धेच्या रकान्यात टाकता येते. या चळवळीला ‘इस्लामी’ म्हणावे का, यावर वाद होऊ शकतो, कारण तिची मागणी धार्मिक राज्याची नव्हती आणि ती काँग्रेसबरोबर होती. पण शपथ आणि सब्राची, म्हणजे संयमाची, शिकवण दोन्ही धर्मातून आल्यामुळे आपल्या व्याख्येत ती बसते.

याच्या शेजारी खिलाफत चळवळ ठेवून पाहावी. असहकाराला उर्दूत ‘तर्क-ए-मवालात’ म्हटले गेले आणि पदव्या, न्यायालये, सरकारी शाळा व सैन्यातील नोकरी यांवरील बहिष्काराला उलेमांनी, म्हणजे धर्मपंडितांनी, धार्मिक आधार दिला. ऑक्टोबर 1920मध्ये अलीगढ येथे जामिया मिलिया इस्लामिया सुरू झाली, ती याच शैक्षणिक बहिष्कारातून. मात्र चळवळीचे नेते अली बंधू यांनी अहिंसा धोरण म्हणून स्वीकारली होती, धर्मतत्त्व म्हणून नव्हे, आणि ते ही गोष्ट लपवत नव्हते. ऑगस्ट 1921मध्ये मलबारात सशस्त्र उठाव झाला तेव्हा वरच्या नेत्यांचे धोरण आणि खालची परिस्थिती यांतले अंतर उघडे पडले. त्याआधी 1920च्या उन्हाळ्यात हजारो लोक हिजरत करून अफगाणिस्तानकडे निघाले होते. देशत्याग हाही नि:शस्त्र निषेधच असतो. पण ज्याच्या भूमीवर जायचे त्याने दार लावले की तो कोलमडतो, आणि अफगाण सरकारने ऑगस्टमध्ये ते लावलेच.

आता साधन चालते कशाच्या बळावर, याकडे वळावे. मशिदीतील प्रवचन, शोकाचे दिवस, आश्रयस्थान, व्यापाऱ्यांचा पैसा आणि धर्मपंडितांचा शब्द यांचे जाळे चळवळीच्या आधीपासूनच उभे असते, आणि चळवळ त्यावर स्वार होते. इराणचा इतिहास या दृष्टीने तपशीलवार वाचावा. 1890 साली शहाने तंबाखूचा संपूर्ण मक्ता एका इंग्रजाला दिला. डिसेंबर 1891मध्ये मिर्झा हसन शिराझी यांच्या नावाने तंबाखूचे सेवन निषिद्ध ठरवणारा फतवा पसरला आणि हुक्के थंडावले. जानेवारी 1892मध्ये शहाला मक्ता पूर्णपणे रद्द करावा लागला. फतव्याचा प्रभाव एवढेच कारण लिहून थांबू नये. शिराझी सामर्रा येथे, म्हणजे उस्मानी साम्राज्याच्या हद्दीत राहत असल्याने शहाचा हात त्यांच्यापर्यंत पोहोचत नव्हता. मक्त्यामुळे बाजारातील व्यापाऱ्यांचे थेट नुकसान होत होते. आणि तंबाखू न ओढणे ही कृती कोणालाही घरबसल्या, अटकेच्या भीतीविना करता येत होती. हे तीन धागे एकत्र आले म्हणून बहिष्कार यशस्वी झाला.

1906 साली तेथेच ‘बस्त’, म्हणजे पवित्र किंवा सुरक्षित जागी सामूहिक आश्रय घेण्याची जुनी प्रथा राजकीय धरण्यात बदलली. उलेमा कोम येथे गेले, तेहरानमधील हजारो व्यापारी आणि कारागीर ब्रिटिश वकिलातीच्या आवारात बसले आणि शहाला प्रातिनिधिक सभा मान्य करावी लागली.

1978मध्ये कामी आला तो चाळिसावा. 9 जानेवारीला कोम येथे निदर्शक मारले गेले. चाळिसाव्या दिवशी, 18 फेब्रुवारीला, तबरीझमध्ये त्यांचा शोक पाळताना पुन्हा बळी गेले. त्यांचा चाळिसावा मार्चअखेरीस यझ्दसह इतर शहरांत पाळला गेला. शोकसभेवर बंदी घालणे कोणत्याही राज्यकर्त्याला जड जाते, आणि पुढच्या निदर्शनाची तारीख कोणी जाहीर न करता सर्वांना ठाऊक असते. पण याच तबरीझमध्ये बँका आणि चित्रपटगृहे जाळली गेली, हेही त्याच परिच्छेदात लिहावे. शरद ऋतूत तेल कामगारांच्या संपाने राजवटीचा कणा मोडला, डिसेंबरमध्ये आशुराच्या, म्हणजे मोहरममधील शोकदिनाच्या, सुमारास प्रचंड मोर्चे निघाले, आणि फेब्रुवारी 1979च्या अखेरच्या दिवसांत शस्त्रागारे फोडून सशस्त्र चकमकी झाल्या. नव्या सत्तेने लगोलग फाशीसत्र आरंभले. म्हणून इराणची क्रांती अहिंसक होती असे सरसकट विधान न करता, महिन्यागणिक साधनांची नोंद करावी आणि सत्ता हाती आल्यानंतरची वर्तणूक वेगळ्या प्रकरणात ठेवावी.

धर्मग्रंथांचे दाखले वाचताना विशेष सावध राहावे. मक्केतील सुमारे तेरा वर्षे प्रेषितांनी छळ सोसला आणि प्रतिकारासाठी शस्त्र घेतले नाही, हा दाखला जवळपास प्रत्येक अहिंसक चळवळ देते. पण तो दोन परस्परविरोधी अर्थांनी दिला जातो. काहींच्या मते मक्का हा दुर्बळ अवस्थेतील टप्पा आहे आणि बळ आल्यावर मदिना, म्हणजे शस्त्र घेण्याचा टप्पा, येतो. सीरियाचे विचारवंत जौदत सईद यांनी 1966पासून याच्या नेमकी उलट मांडणी केली. आदमच्या दोन मुलांच्या कथेत कुराणातील (5:28) एक भाऊ म्हणतो की तू मला मारण्यासाठी हात उगारलास तरी मी तुला मारण्यासाठी हात उगारणार नाही. सईद यांनी हाच राजकारणाचा कायमचा नियम मानला. 2011 साली दमास्कसजवळच्या दराया येथील तरुणांनी सैनिकांना फुले आणि पाण्याच्या बाटल्या दिल्या, त्यामागे या शिकवणीचा प्रभाव होता. तेव्हा मक्केचा उल्लेख दिसला की चळवळ त्याला टप्पा मानते की आदर्श, हे तिच्याच लेखनातून शोधावे. ‘जिहाद’ या शब्दाचेही तसेच आहे; अत्याचारी राज्यकर्त्यासमोर न्यायाचा शब्द उच्चारणे हा श्रेष्ठ जिहाद, ही हदीस सनदशीर राजकारण करणारे वारंवार उद्धृत करतात.

सनदशीर मार्गाचा अभ्यास तुलनेने सोपा आहे, कारण निवडणुकांचे निकाल आणि न्यायालयांचे निर्णय छापील मिळतात. तुर्कस्तानात इस्लामी राजकारणाचे नेते एर्बाकान यांचे पक्ष 1971, 1981, 1998 आणि 2001 अशा वर्षांत एकामागून एक बंद केले गेले आणि दर वेळी उत्तर नव्या पक्षाच्या रूपात आले. बंदूक आली नाही. इंडोनेशियात नहदलातुल उलेमा या धार्मिक संघटनेने 1984 साली पंचशील, म्हणजे त्या देशाची पाच अधिकृत राज्यतत्त्वे, हाच संघटनेचा आधार मानला आणि पक्षीय राजकारणातून माघार घेतली. परंतु याच संघटनेच्या युवक शाखेचा 1965-66च्या हत्याकांडात सहभाग होता, आणि आजच्या सौम्य प्रतिमेच्या भरात तो गाळणे हा अभ्यास नव्हे.

शस्त्र खाली ठेवणाऱ्या संघटनांबाबत घोषणा आणि युक्तिवाद वेगवेगळे तपासावेत. इजिप्तच्या अल-गमाआ अल-इस्लामियाच्या तुरुंगातील नेत्यांनी जुलै 1997मध्ये हिंसा थांबवण्याचे जाहीर केले; त्याच नोव्हेंबरमध्ये तिच्या एका गटाने लक्सर येथे 62 जणांचे प्राण घेतले. म्हणजे नेत्यांचा शब्द अजून संघटनेत उतरला नव्हता. 2002मध्ये नेत्यांनी शास्त्राधारांसह आपल्या चुका मांडणारी पुस्तकमाला काढली, तेव्हा कुठे बदलाला विचाराचा पाया मिळाला. कैद्याने केलेले लेखन दबावाखालचे असू शकते, हे मात्र नोंदवावे. ब्रदरहूडचे प्रमुख हसन अल-हुदैबी यांनीही ‘आपण धर्मोपदेशक आहोत, न्यायाधीश नाही’ ही भूमिका तुरुंगातूनच घेतली होती आणि ती संघटनेत दीर्घकाळ टिकली, त्यामुळे तुरुंगातला प्रत्येक शब्द खोटा मानण्याचेही कारण नाही.

पुरावे गोळा करताना पोलिसांचे अहवाल, चळवळीची पत्रके, खटल्यांचे कागद आणि परकीय वकिलातींची टिपणे यांना समान संशयाने वाचावे. ब्रदरहूडचे प्रमुख नेते मोहम्मद बदी यांनी 2013 साली ‘आमची शांतता गोळ्यांहून बलवान आहे’ असे म्हटले होते. त्याच वर्षी 14 ऑगस्टला ब्रदरहूड समर्थकांनी धरणे धरलेला कैरोतील रबाआ चौक रिकामा करताना सुरक्षा दलांनी, ह्यूमन राइट्स वॉचच्या नोंदीनुसार, किमान 817 जणांना ठार मारले. त्यानंतर ब्रदरहूडच्या तरुणांत या वाक्यावरून उघड फूट पडली. अशा वेळी नेत्याच्या वाक्याइतकाच त्यावर हसणाऱ्या तरुणाचा शब्दही पुरावा म्हणून घ्यावा.

लिहायला बसल्यावर प्रत्येक विधानाला वर्ष जोडावे आणि क्रियापद शक्यतो भूतकाळात ठेवावे. ट्युनिशियाच्या एन्नहदा या इस्लामी पक्षाने ऑक्टोबर 2011मध्ये 217पैकी 89 जागा जिंकल्या, देश दुभंगण्याची चिन्हे दिसताच जानेवारी 2014मध्ये राज्यघटना संमत करून सरकार सोडले आणि मे 2016मध्ये धर्मप्रचार व पक्षकार्य वेगळे केले. ही तीन वाक्ये तारखांसह लिहिता येतात. ‘एन्नहदा लोकशाहीवादी आहे’ हे वाक्य तसे लिहिता येत नाही. 25 जुलै 2021च्या रात्री राष्ट्राध्यक्ष कैस सईद यांनी संसद स्थगित केली, तेव्हा पक्षाचे नेते आणि संसदेचे अध्यक्ष असलेले राशिद घन्नुशी लष्कराने बंद केलेल्या संसदेच्या फाटकाबाहेर ठाण मांडून बसले. एप्रिल 2023मध्ये त्यांना अटक झाली. अशा चालू घडामोडींविषयी आज लिहिणाऱ्याने प्रकरणाच्या शेवटी निष्कर्षाऐवजी तारीख टाकावी आणि पुढची पाने कोरी ठेवावीत.