जिनिव्हा, हेग, लंडन: आंतरराष्ट्रीय संबंधांच्या विद्यार्थ्यांनी समर स्कूलची तयारी कशी करावी

सगळ्यात आधी कॅलेंडर समोर घ्या. आपल्याकडची उन्हाळी सुट्टी एप्रिल-मे, आणि युरोपातले समर स्कूल, म्हणजे काही आठवड्यांचे उन्हाळी अभ्यासक्रम, जून ते ऑगस्ट, म्हणजे आपला ऐन पावसाळा. तिकडे वर्ग भरतात तेव्हा इथे एकतर परीक्षा लांबलेली असते किंवा नवे सत्र सुरू झालेले असते. प्रवेश मिळूनही जाता न येण्याचे हे मोठे कारण आहे. म्हणून कार्यक्रम निवडण्याआधी विद्यापीठाचे मागच्या दोन वर्षांचे परीक्षेचे वेळापत्रक काढा. प्रत्यक्षात शेवटचा पेपर कोणत्या तारखेला झाला ते पाहा आणि त्यात तीन आठवडे मिळवा. त्यानंतर सुरू होणारेच कार्यक्रम यादीत ठेवा. एमएच्या पहिल्या आणि दुसऱ्या वर्षामधला काळ त्यातल्या त्यात सोयीचा. ऑगस्टमधले दोन-तीन आठवडे बुडणार असतील तर विभागप्रमुखांची लेखी परवानगी आधीच घ्या. हजेरीचा वाद परत आल्यावर मिटत नाही.

कुठे जायचे ते विषयावरून ठरवा. संयुक्त राष्ट्रांचे काम जवळून पाहायचे असेल तर जिनिव्हातला ‘ग्रॅज्युएट स्टडी प्रोग्राम’ आहे. तो अनेक दशकांपासून चालत आला आहे. जुलैमध्ये दोन आठवडे, पॅले दे नासिओं या संयुक्त राष्ट्रांच्या तिथल्या कार्यालयात व्याख्याने आणि गटकाम. तो पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी आहे. शुल्क नाही, पण प्रवास, राहणे आणि जेवण स्वतःच्या खिशातून. त्या वर्षीचा कार्यक्रम जाहीर झाला आहे की नाही हे जानेवारीपासून पाहत राहा.

आंतरराष्ट्रीय कायद्याकडे कल असेल तर हेगच्या पीस पॅलेसमधली ‘हेग अकादमी ऑफ इंटरनॅशनल लॉ’. 1923 पासून तिथे उन्हाळी अभ्यासक्रम चालतात: तीन आठवडे सार्वजनिक आंतरराष्ट्रीय कायदा आणि तीन आठवडे खासगी आंतरराष्ट्रीय कायदा. वर्ग इंग्रजी किंवा फ्रेंचमध्ये असतात. कायद्याची पायाभरणी नसेल तर तिथे पहिल्याच आठवड्यात दमछाक होते. नुसते राज्यशास्त्र शिकलेल्यांनी आधी इथे आंतरराष्ट्रीय कायद्याचा एक पेपर घ्यावा आणि मगच अर्ज करावा. हेगचा मोठा फायदा म्हणजे आंतरराष्ट्रीय न्यायालय त्याच आवारात आहे. त्या दिवसांत जाहीर सुनावणी असेल तर ती ऐकायला बसता येते.

ज्यांना गुण आणि क्रेडिट हवेत त्यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या समर स्कूलसारखा विद्यापीठीय अभ्यासक्रम पाहावा. तीन-तीन आठवड्यांची तीन सत्रे असतात, मूल्यमापन होते आणि निकालाचे ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे अधिकृत गुणपत्रक, मिळते. खर्च मात्र बराच जास्त.

‘ग्लोबल समिट’, ‘युथ डिप्लोमसी’ अशा नावांनी येणाऱ्या जाहिरातींपासून जपा. चार दिवस हॉटेलात, भरमसाट फी, शेवटी प्रमाणपत्र. पैसे भरण्याआधी चार प्रश्न विचारा: वर्गाचे तास किती? शिकवणाऱ्यांची नावे काय? परीक्षा किंवा निबंध आहे का? ट्रान्स्क्रिप्ट कोणते विद्यापीठ देणार? दोन प्रश्नांचीही सरळ उत्तरे मिळाली नाहीत तर तो नाद सोडा.

क्रेडिटचा हिशोब

युरोपातल्या विद्यापीठांची सामाईक क्रेडिट पद्धत म्हणजे ईसीटीएस. एक ईसीटीएस क्रेडिट म्हणजे विद्यार्थ्याचे 25 ते 30 तासांचे एकूण काम, म्हणजे वाचन, निबंध, वर्ग सगळे धरून. आपल्याकडे परीक्षा विभाग बहुतेक वेळा वर्गाचे तास मोजतो आणि थिअरीच्या 15 तासांना एक क्रेडिट धरतो. त्यामुळे 7.5 ईसीटीएसच्या अभ्यासक्रमात प्रत्यक्ष वर्ग 54 तासांचे असतील, तर इथे तीन-साडेतीन क्रेडिटच्या आसपासच आशा ठेवा. मान्यता मिळेलच असेही नाही. जाण्याआधी अभ्यासक्रमाची रूपरेषा, वर्गाचे तास आणि मूल्यमापनाची पद्धत जोडून विभागाकडे अर्ज द्या आणि पोचपावती घ्या.

अर्ज

उद्देशपत्रात (स्टेटमेंट ऑफ पर्पज) ‘मला लहानपणापासून जगाची ओढ आहे’ असे लिहू नका. असे शेकडो अर्ज येतात. एक ठोस प्रश्न घ्या आणि तो त्याच शहरात का सोडवायचा आहे ते सांगा. समजा, तुम्ही रत्नागिरीचे किंवा मालवणचे आहात. जागतिक व्यापार संघटनेचा मासेमारी अनुदानांवरचा करार 17 जून 2022 रोजी स्वीकारला गेला आणि 15 सप्टेंबर 2025 ला लागू झाला. संघटनेचे मुख्यालय जिनिव्हात आहे. पारंपरिक मच्छीमारांच्या डिझेल अनुदानाचा प्रश्न तुम्हाला बंदरावरचा ठाऊक आहे, त्याची वाटाघाटीतली बाजू तिथे समजून घ्यायची आहे. एवढे 500 शब्दांत नीट मांडले तर तो अर्ज वाचणाऱ्याच्या लक्षात राहतो.

शिफारसपत्र देणाऱ्या प्राध्यापकांना किमान चार आठवडे द्या आणि सोबत आपले उद्देशपत्रही पाठवा. त्यांचा कॉलेजचा ईमेल पत्ता चालू आहे ना, ते विचारून घ्या. अनेक पोर्टल खासगी पत्त्यावरून आलेले पत्र ग्राह्य धरत नाहीत. शेवटच्या सत्राचा निकाल लागला नसेल तर आधीच्या सत्रांच्या मार्कशीट आणि बोनाफाईड जोडा.

नावाची भानगड इथेच निस्तरा. पासपोर्टवर ‘स्वतःचे नाव, वडिलांचे नाव’ एका रकान्यात आणि आडनाव दुसऱ्यात असते; मार्कशीटवर आडनाव पुढे, कधी आईचे नावही. अर्जात आणि निमंत्रणपत्रात अक्षरन् अक्षर पासपोर्टप्रमाणेच नाव हवे. संयुक्त राष्ट्रांच्या दारात प्रवेशपत्र देताना पासपोर्टच पाहतात.

व्हिसा

जिनिव्हा आणि हेगसाठी शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांचा सामाईक, अल्पकालीन ‘सी’ प्रकारचा व्हिसा. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नसले तरी शेंगेनमध्ये आहे. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. निर्णयाला साधारण 15 दिवस, कधी 45 दिवसही लागतात. मुंबई-पुण्यात एप्रिल-मेमध्ये पर्यटकांची झुंबड असते आणि भेटीची वेळच मिळत नाही, म्हणून प्रवेश मिळाल्याचे पत्र हातात पडले त्याच दिवशी वेळ घ्या. प्रौढांचे शुल्क 90 युरो, सेवाकेंद्राचे पैसे वेगळे. प्रवास विमा किमान 30,000 युरोंचा. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला, परतीनंतर आणखी तीन महिने वैध आणि दोन पाने कोरी हवीत.

अर्ज कोणत्या देशाकडे करायचा यात चुका होतात. मुख्य मुक्काम जिथे, त्या देशाकडे. जिनिव्हा महाग म्हणून कित्येक जण सीमेपलीकडे फ्रान्समधल्या आनमासला खोली घेतात. तिथून लेमान एक्सप्रेस किंवा 17 नंबरची ट्राम जिनिव्हात आणून सोडते. खर्चाच्या दृष्टीने हा चांगला मार्ग. पण कागदावर रात्री फ्रान्समध्ये आणि अर्ज स्वित्झर्लंडकडे, असे दिसले की शंका येते. अशा वेळी अर्ज कुठे करायचा ते दोन्ही देशांकडे विचारून घ्या आणि प्रवासाचा मुख्य हेतू जिनिव्हातला अभ्यास आहे हे निमंत्रणपत्रासह स्वतंत्र पत्रात स्पष्ट लिहा. जिनिव्हातच राहायचे तर विद्यार्थी वसतिगृहांत उन्हाळ्यात खोल्या रिकाम्या होतात. फेब्रुवारी-मार्चमध्येच विचारणा करा.

ब्रिटनला सहा महिन्यांच्या आतल्या अभ्यासाला स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसा चालतो, मात्र संस्था मान्यताप्राप्त हवी. अर्ज प्रवासाच्या तीन महिने आधीपासून. अमेरिकेचे नियम वेगळे आहेत: पदवीसाठी क्रेडिट देणारा अभ्यासक्रम पर्यटक व्हिसावर करता येत नाही. त्याला एफ-1 हा विद्यार्थी व्हिसा आणि विद्यापीठाने दिलेला आय-20 हा प्रवेशाचा फॉर्म लागतो. ‘तीनच आठवडे आहेत, टुरिस्टवर जा’ असा सल्ला एजंट देतात, तो मानू नका.

पैशांचे कागद

आईवडील खर्च करणार असतील तर त्यांचे हमीपत्र, आयकर विवरणपत्रे आणि बँक स्टेटमेंट जोडा. अर्जाच्या आठवडाभर आधी खात्यात अचानक दोन-तीन लाख दिसले की ते पैसे कुठून आले हा प्रश्न येतो. शेत विकले, ठेव मोडली, जे असेल त्याची पावती जोडा. परत येणार याचा पुरावा म्हणून पुढच्या सत्राची फी भरल्याची पावती आणि कॉलेजचे पत्र सर्वांत उपयोगी पडते.

फी थेट विद्यापीठाच्या खात्यात ‘शिक्षण’ या कारणाखाली पाठवा. शिक्षणासाठी आर्थिक वर्षात दहा लाखांपर्यंत पाठवलेल्या रकमेवर टीसीएस (पैसे पाठवतानाच बँक वसूल करते तो कर) लागत नाही. एजंटने तेच ‘टूर पॅकेज’ म्हणून विकले तर पहिल्या रुपयापासून लागतो. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती पूर्ण पदवीसाठी असते, तीन आठवड्यांच्या अभ्यासक्रमासाठी नाही. त्यामुळे समर स्कूलच्याच फी-सवलतीवर लक्ष ठेवा. तिची मुदत बहुधा प्रवेशाच्या मुदतीआधी संपते, म्हणून डायरीत तीच तारीख आधी लिहा.