आईला कँटीन दाखवताना

ऑक्टोबरात हिवाळी सेमिस्टर सुरू होतं आणि जर्मनीत नव्याने आलेली आपली मुलं मोबाइल उंच धरून कॅम्पसभर फिरायला लागतात. घरी दाखवायचं असतं. मीही तेच केलं होतं. मेन्सा, म्हणजे विद्यापीठाची कँटीन, आईला दाखवावी म्हणून रांगेचा व्हिडिओ काढला. ट्रे घेतलेली एक मुलगी सरळ माझ्यापाशी आली. आवाज न चढवता म्हणाली, "यात मी आहे, काढून टाक." मी डिलीट केला. "आता कचरापेटीतूनही," म्हणाली आणि तो जाईपर्यंत उभी राहिली. तिचं सूप निवत होतं. तेव्हा मला राग आला होता. आज वाटतं, तिचंच बरोबर होतं.

आपल्या छबीवर आपला हक्क, हे इथे जुनं आहे. १८९८ मध्ये जर्मनीचे माजी चान्सलर बिस्मार्क वारले त्या रात्री दोन फोटोग्राफर त्यांच्या खोलीत घुसले आणि मृतदेहाचा फोटो काढला. त्यावरून गदारोळ झाला. १९०७ च्या कायद्याने ठरवलं की माणसाच्या संमतीशिवाय त्याचं चित्र पसरवायचं नाही, जाहीर दाखवायचं नाही. मोडलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड. इमारतीच्या फोटोत कडेने जाणारी माणसं, मोर्चातली गर्दी, याला सूट आहे. एकाच चेहऱ्यावर झूम केलंत की ती सूट संपली. शिवाय २०१८ पासून युरोपचा डेटा-संरक्षण कायदा लागू आहेच.

आवाजाचं त्याहून कडक. खासगी बोलणं चोरून रेकॉर्ड केलं तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड. म्हणून जर्मन समजत नाही तरी सेमिनार गुपचूप रेकॉर्ड करू नका. प्राध्यापकांना आधी ईमेल करा, चर्चेत बोलणाऱ्या मुलांनाही विचारा. विचारलं की बरेच जण हो म्हणतात.

एक वाक्य पाठच करा: "डार्फ इश आइन फोटो फॉन इनन माखन?" तुमचा फोटो काढू का? आणि तो कुठे टाकणार तेही सांगा, कारण काढायला दिलेला होकार इन्स्टाग्रामसाठी नसतो. "नाइन", म्हणजे नाही, असं उत्तर आलं तर कारण विचारू नका.

हे आपल्या माणसांनाही लागू आहे. आमच्या गणपतीत आरतीआधी सांगतो, फोटोत यायचं नसेल त्यांनी डावीकडे बसा. लहान मुलांचं आईवडिलांना विचारतो. दरवर्षी चार-पाच जण डावीकडे बसतात, आणि कॅमेरा तिकडे वळत नाही.